ढगही पांढरे, बर्फही पांढरा. मग उपग्रहाला फरक कळतो कसा?

तुमचा प्रश्न रास्त आहे: थंडीत हिमालयावर इतके ढग असताना "यंदा बर्फ कमी" असं उपग्रहावरून कसं सांगतात? माझं रोजचं काम याच चित्रांशी असतं, म्हणून लिहितो.

दोन्ही पांढरे दिसतात ते आपल्या डोळ्यांना. सुमारे १.६ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात बर्फ जवळजवळ काळा पडतो आणि ढग उजळच राहतो. म्हणून हिरव्या आणि या अवरक्त पट्ट्यातल्या परावर्तनांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागतात. समजा, ताज्या बर्फाचे आकडे ०.८ आणि ०.१ आहेत, तर उत्तर येतं ०.७८. ढगाचे ०.७ आणि ०.६ धरले तर जेमतेम ०.०८. साधारणपणे ०.४ च्या वरचा पिक्सेल, म्हणजे चित्रातला एकेक ठिपका, बर्फाचा धरतात. गुणोत्तरच काढत असल्यामुळे डोंगराच्या सावलीतला बर्फही बऱ्यापैकी सापडतो. फार उंचावरचे, हिमकणांचे ढग मात्र इथेही चकवतात.

ढगाखाली काय आहे, हे मात्र या गणितातून कळत नाही. तिथे पुन्हा पुन्हा बघणं एवढाच उपाय. नासाचा मोडिस सेन्सर टेरा आणि अ‍ॅक्वा या दोन उपग्रहांवर आहे, त्यामुळे सकाळी झाकलेली दरी कधी दुपारी मोकळी मिळते. पण त्याचा पिक्सेल ५०० मीटरचा. इस्रोच्या रिसोर्ससॅट उपग्रहावरचा एविफ्स कॅमेरा ५६ मीटरच्या पिक्सेलचं चित्र देतो, तेही पाच दिवसांनी. हिमाचलच्या अरुंद दऱ्यांसाठी मला एविफ्सच बरा वाटतो.

खरी गोम पुढेच आहे. हे सगळं बर्फाचं क्षेत्रफळ झालं. दहा सेंटिमीटरचा थर आणि दोन मीटरचा थर वरून सारखाच दिसतो! भाक्रा धरणाला रस असतो तो सतलजमध्ये किती पाणी उतरणार यात. त्यासाठी बर्फाच्या नकाशाला तापमान आणि जमिनीवरच्या मोजणीची जोड द्यावीच लागते. सूक्ष्मलहरींवरून थरातल्या पाण्याचा अंदाज काढता येतो, पण तिथे एकेका पिक्सेलमध्ये अख्खा डोंगर आणि दोन दऱ्या मावतात. त्यामुळे "बर्फ ३० टक्क्यांनी घटला" अशी बातमी दिसली की आधी विचारा, क्षेत्रफळ की पाणी?

स्वतः बघायचं असेल तर नासाची वर्ल्डव्ह्यू साइट फुकट आहे. जानेवारीतली तारीख निवडा, लाहौल-स्पितीवर या आणि मोडिसचा ७-२-१ पट्ट्यांचा थर लावा. बर्फ निळसर-हिरवा दिसेल, कमी उंचीवरचे ढग पांढरे.