नागपुरात आमच्या क्लबमध्ये फक्त सदस्यांनाच दारू द्यायची असेल तर लायसन्स लागतं का? आणि ‘जबाबदारीनं विक्री’ म्हणजे नेमकं काय करायचं?

लागतं. प्रश्नात तुम्ही म्हटलंय की दारू सदस्यांच्याच वर्गणीतून आणणार, सदस्यांनाच देणार, नफा घेणार नाही, मग ही विक्री कशी? हा युक्तिवाद मी पश्चिम नागपुरातल्या एका क्लबचा मानद सचिव असताना इतक्यांदा ऐकलाय की उत्तर लिहायला बसलोच.

आमच्याकडे एक सीए सदस्य होते. ते दर सभेला सुप्रीम कोर्टाचा ३ ऑक्टोबर २०१९ चा कलकत्ता क्लबचा निकाल काढायचे. क्लब आणि सदस्य वेगळे नाहीत, स्वतःच स्वतःला माल विकता येत नाही, असं कोर्टानं म्हटलंय, हे त्यांचं पालुपद. निकाल खरा आहे, पण तो विक्रीकर आणि सेवाकराबद्दल आहे. जीएसटीपुरती तर ती वाटही २०२१ च्या वित्त कायद्यानं बंद केली. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ चा त्याच्याशी काही संबंध नाही. आपल्याकडे मूळ नियम दारूबंदीचा आहे आणि परवाना ही त्यातली सूट आहे. क्लबसाठी ती सूट म्हणजे एफएल-४ हा परवाना (एफएल म्हणजे फॉरेन लिकर). परमिट रूमचं एफएल-३ वेगळं, वाइन शॉपचं एफएल-२ वेगळं.

‘मग आम्ही विकतच नाही, सदस्य आपापली बाटली आणतील, क्लब फक्त ग्लास, सोडा, बर्फ आणि जागेचे पैसे घेईल’ ही शक्कल तर अजून वाईट. आपल्या फायद्यासाठी लोकांना दारू प्यायला जागा देणं म्हणजे कायद्याच्या भाषेत सामाईक मद्यपानगृह. ते चालवणाऱ्यावर कलम ६८ आणि तिथं पिताना सापडणाऱ्यावर कलम ८४. म्हणजे पदाधिकारीही गेले आणि सदस्यही गेले.

अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे करायचा. क्लबची नोंदणी, घटना, सदस्यांची यादी, जागेची कागदपत्रं, नकाशा हे तुम्ही जमवालच. लायसन्स मिळणं वेळखाऊ आहे, पण अवघड नाही. अवघड आहे ते पुढचं, आणि त्याबद्दल क्लबवाले बोलत नाहीत.

हॉटेलच्या बारमध्ये गिऱ्हाईक आणि मालक वेगळे असतात. गिऱ्हाईकाला जास्त झाली तर मॅनेजर नाही म्हणतो, फार तर ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. क्लबमध्ये समोर बसलेला माणूसच मालक असतो. बारमनचा पगार, दिवाळीचा बोनस, पुढच्या वर्षीची नोकरी यावर त्याचं मत असतं. अशा माणसाला काउंटरवरच्या पोरानं ‘आता नाही’ कसं म्हणायचं? क्लबमधली जबाबदार विक्री या एका प्रश्नावर येऊन थांबते.

आमच्याकडे ते घडलं १८ नोव्हेंबर २०२४ ला. विधानसभेचं मतदान २० तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत. म्हणजे मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांचा कोरडा काळ १८ च्या संध्याकाळी सहापासून. मी आठवडाभर आधी नोटीस बोर्डावर कागद लावला होता, व्हॉट्सॲपवरही टाकलं होतं. त्या दिवशी एका ज्येष्ठ सदस्याच्या वाढदिवसाचं जेवण होतं. दुपारी सुरू झालेलं टेबल रमीमुळे उठलंच नव्हतं. चारच्या सुमारास त्यांनी व्हिस्कीची आख्खी बाटली घेतली, बिलही झालं.

आमचा बारमन वर्धा जिल्ह्यातला. ज्या जिल्ह्यात दारूबंदी आहे तिथला मुलगा नागपुरात येऊन बार सांभाळतो, आणि इतका काटेकोर माणूस मी दुसरा पाहिला नाही. प्रत्येक उघड्या बाटलीच्या लेबलाशेजारी तो कागदाची पट्टी चिकटवायचा आणि रात्री बंद करताना उरलेल्या दारूच्या पातळीवर निळ्या पेननं रेघ मारायचा. रजिस्टर आणि रेघ जुळली नाही तर घरी जायचा नाही. त्या दिवशी पावणेसहाला त्यानं पेगमाप धुऊन फडक्यावर पालथं घातलं, टेबलाटेबलावर जाऊन सांगितलं, आणि सहाला त्या टेबलावरची अर्धी उरलेली बाटली उचलली, पट्टीवर सदस्य क्रमांक लिहिला आणि जाळीच्या आत ठेवून कुलूप लावलं.

वाढदिवसवाले साहेब काउंटरवर आले. ‘अबे, बाटली माझी, बिल माझं. तू विकून राहिला का? नुसतं ओतून दे.’

तो म्हणाला, ‘साहेब, सहा वाजले. आता नाही देता येत.’

‘मी या क्लबचा कोण आहे माहीत आहे का तुले?’

‘माहीत आहे साहेब. म्हणूनच देऊन नाही राहिलो.’

मी ऑफिसातून बाहेर आलो तेव्हा साहेबांनी गाडीची किल्ली काउंटरवर आपटत मला सांगितलं, ‘सेक्रेटरी, याले समजावून सांगा.’ मी बारमनला म्हटलं, तू बरोबर आहेस, जाळी उघडायची नाही. साहेबांना क्लबच्या ड्रायव्हरसोबत घरी पाठवलं, त्यांची गाडी रात्रभर आवारातच राहिली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुपारपासून बसलेला माणूस ती मर्यादा केव्हाच ओलांडून गेलेला असतो.

दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार आली. कार्यकारिणीत विषय निघाला आणि तीन मुद्दे मांडले गेले. बाटली सहाच्या आधी विकली गेली होती. क्लब खासगी जागा आहे, सार्वजनिक नाही. आणि नोकरानं सदस्याशी उद्धटपणा केला, त्यानं लेखी माफी मागावी.

पहिल्या दोन मुद्द्यांना मी लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १३५-सी वाचून दाखवलं. त्यात ‘विकणं’ एवढाच शब्द नाही. विकणं, देणं, वाटणं, तिन्ही आहेत. आणि जागा सार्वजनिक असो की खासगी, दोन्ही आहेत. मतदान संपण्याआधीचे ४८ तास. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय माल जप्त. निवडणूक आयोग दर वेळी जे आदेश काढतो त्यात क्लबचं नाव वेगळं लिहिलेलं असतं. मतमोजणीच्या दिवशीही बंद. यावर कोणी काही बोललं नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र दीड तास वाद चालला. ‘कायदा ठीक आहे हो, पण बोलायची पद्धत असते.’ ‘सेक्रेटरीला बोलवायचं, त्यानं सांगायचं. पोरगा कोण नाही म्हणणारा?’ मी विचारलं, उद्या धाड पडली तर काउंटरमागे कोण सापडेल, सेक्रेटरी की पोरगा? उत्पादन शुल्क खात्याचा नोकरनामा, म्हणजे बार हाताळायचं अधिकारपत्र, त्याच्या नावावर आहे. ओतणारा हात त्याचा आहे. गुन्ह्यात पहिलं नाव त्याचं लागेल आणि जामिनाला वर्ध्याहून त्याचा बाप येईल. ज्याची मान अडकते त्यालाच नाही म्हणायचा हक्क नाही, हा कुठला न्याय? मी माफीनामा लिहून घ्यायला नकार दिला. उलट ठराव मांडला की दारू देण्याबाबत बारमनचा नकार त्या दिवसापुरता अंतिम, कोणत्याही सदस्यानं किंवा पदाधिकाऱ्यानं तो फिरवायचा नाही, तक्रार असेल तर दुसऱ्या दिवशी लेखी द्यायची. ठराव दोन मतांनी पडला. क्लबच्या पुढच्या निवडणुकीत मीही पडलो. बारमन आता वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात आहे, जास्त पगारावर.

मी आजही म्हणतो की तो ठराव बरोबर होता, आणि तुमच्या क्लबनं लायसन्सच्या अर्जाआधी तो घटनेत घालावा. नंतर घालायला गेलात तर कोणाच्या तरी नावावर जातो आणि मग तत्त्वाचा प्रश्न राहत नाही, माणसाचा होतो.

आता तुम्ही विचारलेल्या ‘नेमकं काय’बद्दल. वय: महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला २१, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला २५. क्लबमध्ये घोळ होतो तो सदस्यांच्या मुलांचा. बारमननं त्याला गुडघ्याएवढा असल्यापासून पाहिलेलं असतं, बाप शेजारच्या टेबलावर असतो, आणि २३ वर्षांचा मुलगा बापाच्या खात्यावर व्हिस्की मागतो. द्यायची नाही. बापानं सांगितलं तरी नाही. आश्रित सदस्याच्या कार्डावर जन्मतारीख ठळक छापा, म्हणजे बारमनला विचारावं लागत नाही, दाखवता येतं.

पिण्याचा परवाना हा दुसरा दुर्लक्षित भाग. एक दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १००, आजीवन १०००. डॉक्टर, वकील, निवृत्त अधिकारी असलेल्या क्लबात निम्म्या लोकांकडे हा कागद नसतो आणि त्यांना त्याची लाजही वाटत नाही. सदस्यत्वाच्या फॉर्मसोबतच आजीवन परवान्याची प्रत मागा.

मोजमाप पेगात करा, ग्लासात नको. ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये, म्हणजे एका ‘लार्ज’मध्ये, ४२.८ टक्क्यांनी साधारण २६ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. ६५० मिलिलिटरच्या ८ टक्के स्ट्राँग बिअरमध्ये ५२. म्हणजे ‘मी तर फक्त दोन बिअर घेतल्या’ म्हणणाऱ्यानं चार लार्ज घेतलेत. आमचा बारमन टेबलाच्या चिठ्ठीवर बिअरच्या एका बाटलीला दोन रेघा मारायचा. बिल वेगळं, रेघा वेगळ्या. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आख्खी बाटली टेबलावर देणं शक्यतो बंदच करा. बाटली टेबलावर गेली की किती पोटात गेली हे काउंटरला कळत नाही.

पार्सल नाही. एफएल-४ म्हणजे क्लबात बसून पिण्याचा परवाना, दुकान नव्हे. नागपुरात याचं महत्त्व जास्त आहे, कारण बुटीबोरीच्या पुढं थोडं गेलं की वर्धा जिल्हा लागतो. ‘हिंगणघाटला लग्नाला चाललो, दोन बाटल्या टाक गाडीत’ म्हणणारा सदस्य पकडला गेला तर बाटली कुठून घेतली हे पहिल्या दहा मिनिटांत सांगतो.

माल घाऊक परवानाधारकाकडून टी.पी. म्हणजे वाहतूक पास घेऊनच. कोणी सदस्य परदेशातून आणलेली बाटली क्लबला ‘भेट’ देतो, ती साठ्यात मिसळू नका. टी.पी. नसलेली एक बाटली सापडली की बाकीचं सगळं रजिस्टर खोटं वाटायला लागतं. ड्राय डेची यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशांसह काउंटरमागे लावा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर सगळ्यांना पाठ असतात. गणेश विसर्जनाचे आणि स्थानिक निवडणुकांचे आदेश ऐन वेळी येतात, तिथं फसतात.

कोणी म्हणेल इतकं कडक केलं तर सदस्य सिव्हिल लाईन्सच्या मोठ्या क्लबात किंवा बारमध्ये जातील. जाऊ द्या. आमच्याकडे सोडून जाण्याची धमकी देणाऱ्यांपैकी एकही गेला नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. तुमच्याकडे बार रोज चालणार नसेल, कोजागिरी, ३१ डिसेंबर असे मोजकेच कार्यक्रम असतील, तर एफएल-४ च्या मागे लागू नका. कार्यक्रमापुरता एक दिवसाचा तात्पुरता परवाना मिळतो, तो काढा. शुल्क बदलत असतं, म्हणून त्या वर्षीचा आकडा उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयातूनच घ्या, गेल्या वर्षीच्या पावतीवर विसंबू नका. आणि त्या एका रात्रीसाठी बाहेरून जो बारमन आणाल त्याला सुरुवातीलाच सगळ्यांसमोर अध्यक्षांनी सांगावं की तुझा नकार आमचा नकार. नंतर खोलीत बोलावून सांगितलेलं चालत नाही, सदस्यांनी ऐकलेलं असावं लागतं.