साडेसात हजारांत विश्वकवी

प्रश्न : जत तालुक्यात आमचं छोटं कविमंडळ आहे. परदेशातल्या एका ‘जागतिक सर्जनशील’ संघटनेचं मला पत्र आलंय. साडेसात हजार भरले की आजीव सदस्यत्व, प्रमाणपत्र आणि ‘विश्वसंस्कृती दूत’ ही पदवी. भरू का? अशा संघटना खऱ्या असतात का?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, पैसे आधी कपाटात ठेवा, मग पुढचं वाचा.

मी एकदा भरलेत. नव्वदच्या दशकात असंच पत्र आलं, ‘आपली कविता निवडली आहे.’ इंग्रजी अनुवाद भाच्याने केलेला. ड्राफ्टसाठी बँकेत दोन दिवस हेलपाटे घातले. चार महिन्यांनी उशीएवढं जाड पुस्तक आलं. पानाला आठ कवी, आणि माझ्या शेवटच्या दोन ओळी गायब. तसं कळवलं, तर उत्तरादाखल पुढच्या खंडाचं निमंत्रण! ते पुस्तक हल्ली शिलाई मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली असतं.

म्हणून सगळ्यांनाच एका माळेत ओवू नका. ‘पेन’ या लेखकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचंच बघा. 1921 साली लंडनमध्ये कॅथरीन एमी डॉसन स्कॉट या लेखिकेने लेखकांना जेवायला एकत्र आणलं, त्यातून ही संस्था उभी राहिली. इंग्रज कादंबरीकार जॉन गॉल्सवर्दी पहिले अध्यक्ष. पहिलं महायुद्ध संपून तीनच वर्षं झालेली. देशोदेशीचे लेखक एका पंगतीला बसावेत, एवढीच इच्छा.

पंगत सोपी, पुढचं अवघड. 1933 च्या मे महिन्यात नाझींनी पुस्तकं जाळली. त्याच वर्षी आजच्या क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला पेनची परिषद भरली, अध्यक्ष इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स. परागंदा जर्मन नाटककार अर्न्स्ट टोलर यांना बोलू द्यायचं ठरलं, तेव्हा जर्मन प्रतिनिधी उठून गेले. टोलर बोलले. आजही पेनच्या कार्यक्रमांत तुरुंगातल्या लेखकासाठी व्यासपीठावर एक खुर्ची रिकामी ठेवतात.

भारतातलं केंद्र त्याच सुमारास मुंबईत सोफिया वाडियांनी काढलं. बाई जन्माने कोलंबियाच्या, पण भारतातल्या एका भाषेला दुसरीची ओळख व्हावी म्हणून झटल्या. न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमध्ये पुढे इंग्रजीत लिहिणारे कवी निसिम इझिकेल केंद्राचं काम बघत. नवे कवी तिथे त्यांना कविता दाखवायला जात. 1979 मध्ये मीही शबनममध्ये वही घालून गेलो होतो. जिन्यापाशी घुटमळलो, चर्चगेटला चहा प्यायलो आणि घरी आलो. भीती एकच, कविता खरंच वाचली जाईल.

तुमच्या पत्रलेखकांना विचारा, माझी कुठली कविता वाचलीत? आणि जतला राहून लंडनकडे कशाला बघता? तुमच्या शेजारच्या गावात कानडी बोलतात. तिथल्या कवींना एका रविवारी बोलवा, त्यांच्या चार कविता मराठीत आणा, तुमच्या चार कानडीत जाऊ द्या. जेवणासकट हजारभरात भागेल.

प्रमाणपत्र हवंच असेल तर मुलांकडून काढून घ्या. ती संघटना कुरिअरचे पैसे वेगळे मागेल.