अलार्म 'गो ऑफ' झाला म्हणजे वाजला की बंद पडला?

वाजला. 'द अलार्म वेंट ऑफ ॲट सिक्स' म्हणजे सहाला अलार्म वाजला. तो बंद करायचा असेल तर 'टर्न ऑफ'. गोंधळ होतो, कारण शाळेपासून आपण 'ऑफ म्हणजे बंद' एवढंच घोकलेलं असतं.

जुन्या इंग्रजीत 'ऑफ' आणि 'ऑव्ह' हा एकच शब्द होता आणि त्याचा अर्थ होता 'पासून, दूर'. म्हणून 'गो ऑफ' ऐकलं की 'सुटणं' आठवा. दाबून धरलेलं काहीतरी सुटतं. बंदूक 'गो ऑफ' होते तेव्हा गोळी सुटते, बॉम्ब 'गो ऑफ' होतो तेव्हा फुटतो. अलार्म याच घरातला.

मग 'द लाइट्स वेंट ऑफ'? इथे मात्र दिवे गेले. आपणही 'लाइट गेली' म्हणतोच की!

दूध 'गो ऑफ' झालं तर नासलं. हा वापर ब्रिटिश. अमेरिकन माणूस 'गो बॅड' म्हणेल. 'आय हॅव गॉन ऑफ कॉफी' हेही ब्रिटिशच, म्हणजे कॉफीवरून मन उडालं. (मराठीत मन उडतं, इंग्रजीत माणूसच निघून जातो.) कार्यक्रम 'वेंट ऑफ वेल' म्हणजे नीट पार पडला. आणि कुणी तुमच्यावर 'वेंट ऑफ ऑन यू' झाला, तर तो भडकला.

यादी पाठ करू नका. कर्ता कोण ते आधी बघा. दूध वाजत नाही आणि अलार्म नासत नाही.