प्रयोग फसलेला नाही, पण तिसऱ्यांदा नीट नको

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. नीट दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. यंदा तिने तिसऱ्यांदा द्यावी असं आम्हाला वाटतं. तिला मात्र थंडीचा पिकांवर होणारा परिणाम, हेच पुढे शिकायचंय. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिने काकडीची रोपं काही तास ४ अंशांत ठेवली, काही उजेडात, काही अंधारात. बाहेर काढल्यावर उजेडातली रोपं वाळली. प्रोजेक्ट फसला, गुणही कमी पडले. थंडीत झाडं गोठतात हे कुणालाही माहीत आहे, त्यात करिअर कसलं? तुम्ही तिला समजवा. (पत्र संक्षिप्त केले आहे.)

उत्तर : तिला समजावण्याचं काम मी घेणार नाही, हे आधीच सांगतो. तुमच्या मूळ पत्रात दोन्ही प्रयत्नांचे विषयवार गुण आहेत. भावाच्या मुलाला कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेही आहे. पण दुसऱ्यांदा हुकल्यावर मुलगी कशी होती, नीट जेवत होती का, मैत्रिणींशी बोलत होती का, यावर एक ओळही नाही. मला काळजी वाटली ती इथे. दोन अपयशं पचवून जी मुलगी स्वतःहून प्रयोग मांडते, ती सावरते आहे. तिला पुन्हा त्याच पुस्तकांसमोर बसवू नका. तिसरा प्रयत्न ज्याला स्वतःला डॉक्टर व्हायचंय त्याने करावा. तुमच्या पत्रात ती इच्छा फक्त तुमची दिसते.

आता ‘गोठतात’ याबद्दल. ४ अंशांना पानात बर्फ होतच नाही. काकडी, टोमॅटो, मका, भात, कापूस ही मुळात उष्ण हवामानातली पिकं. त्यांना शून्याच्या बऱ्याच वर, १० ते १२ अंशांखालीच इजा होऊ लागते आणि तिच्यात उजेडाचा मोठा वाटा असतो. हरितद्रव्य प्रकाश शोषतं, त्याला थंडीने फारसा फरक पडत नाही. पण कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवणारी एन्झाइम्स थंडीत मंदावतात. मग प्रकाशाने मोकळे केलेले इलेक्ट्रॉन जायचे कुठे? ते ऑक्सिजनला जाऊन मिळतात, त्यातून घातक रेणू तयार होतात आणि ते प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच मोडतात. भरीला, थंड मुळं पाणी ओढत नाहीत, त्यामुळे माती ओली असूनही पानं मलूल होतात. इजा बऱ्याचदा रोप उबेत आणल्यावर डोळ्यांना दिसते. तुमच्या मुलीने पाहिलं ते हेच. तापमान एकच असताना उजेडातली रोपं गेली आणि अंधारातली तगली, हा निष्कर्ष आहे. गुण देणाऱ्याला तो दिसला नाही, याचं मला वाईट वाटतं.

पुढचं थेट तुझ्याशी. १९९४ मध्ये तेराशिमा, फुनायामा आणि सोनोइके या जपानी संशोधकांनी काकडीच्याच पानांवर दाखवलं, की थंडी आणि मंद प्रकाश एकत्र आले की आधी मोडते ती फोटोसिस्टिम १. (प्रकाशाच्या बळावर इलेक्ट्रॉन पुढे ढकलणाऱ्या प्रथिनांच्या दोन यंत्रणा पानात असतात, फोटोसिस्टिम १ आणि २.) तोवर सगळ्यांचं लक्ष फोटोसिस्टिम २ वर होतं. कारणही समजून घे : फ्लुरोसन्स, म्हणजे हरितद्रव्याने परत टाकलेला प्रकाश, मोजणाऱ्या उपकरणावर निरोगी पानाचं गुणोत्तर (बदलता फ्लुरोसन्स भागिले कमाल फ्लुरोसन्स) ०.८३ च्या आसपास येतं, पण ते सांगतं मुख्यतः फोटोसिस्टिम २ बद्दल. फोटोसिस्टिम १ साठी ८२० नॅनोमीटरच्या आसपास शोषणातला बदल मोजावा लागतो. मोजलंच नाही ते दिसणार कसं?

हे वाचताना कंटाळा आला असेल तर वेळीच थांब. तुझे भौतिकशास्त्राचे गुण कमी आहेत. फिजिक्स टाळायला वनस्पतिशास्त्र घेतलं असशील, तर हा विषय तुला नाही. इथे रोज प्रकाश, इलेक्ट्रॉन आणि एन्झाइम यांच्याशीच गाठ पडते. आवडलं असेल, तर काम भरपूर आहे. मक्यात कार्बन डायऑक्साइड पकडण्याच्या कामी येणारं पायरुव्हेट फॉस्फेट डायकायनेज हे एन्झाइम सुमारे १२ अंशांखाली विस्कळीत होऊ लागतं. मक्याच्याच नात्यातलं मिस्कँथस गवत थंडीत तेच एन्झाइम वाढवून तग धरतं. तो गुण मक्यात आणता आला, तर थंड प्रदेशात पेरणी लवकर करता येईल.

मार्ग नेहमीचाच : एमएस्सी, सीएसआयआर-नेट किंवा गेट, मग पीएचडी, नाहीतर बियाणं कंपनीचा पैदास विभाग. पगार उशिरा सुरू होतो, हे वडिलांना आजच स्पष्ट सांग.

आणि प्रयोग पुन्हा कर. थंडी-उजेड, थंडी-अंधार, ऊब-उजेड, ऊब-अंधार असे चार गट ठेव. तापमान पानालगत मोज, कारण दिव्याने पान तापतं. सोबत थंडी सोसणारी पालकाच्या भाजीची रोपंही लाव. निरीक्षणं तारीखवार लिही आणि पुढचं पत्र तू स्वतः पाठव.