फाइल घे, नवऱ्यालाही घे

प्रिय मुली,

तुझा मेसेज आणि त्या सेंटरच्या कागदाचा फोटो, दोन्ही पाहिलं. आयव्हीएफचं, म्हणजे अंडं आणि शुक्राणू शरीराबाहेर एकत्र आणून टेस्ट ट्यूब बेबी करण्याचं पॅकेज, त्याचे हप्ते, सवलतीची शेवटची तारीख, सगळं छापलंय. दिवस का राहत नाहीत, हे मात्र त्यात कुठेच नाही. तू विचारतेस, "मावशी, करू का?" दिवस न राहण्याचं कारण सापडल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही.

तू एकतीस वर्षांची. पस्तिशीच्या आत वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासण्या सुरू करायच्या, पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच. पाळी फारच अनियमित असेल तर तेवढंही थांबायचं नाही. तुमचं दीड वर्ष झालं, म्हणजे डॉक्टरकडे जायची वेळ झालीच होती. पण तपासणी वेगळी आणि उपचार वेगळा.

पहिली तपासणी जावईबापूंची. तुझ्या सोनोग्राफ्या झाल्या, रक्त तीनदा काढून झालं, आणि त्यांची वीर्यतपासणी अजून "बघू"वर आहे! ओपीडीत आयुष्य गेलं माझं, हे काही नवीन नाही. सगळ्यात स्वस्त, सुई न टोचणारी तपासणी, तीच शेवटी होते. २ ते ७ दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा आणि तो तासाभरात लॅबमध्ये तपासायला गेला पाहिजे. म्हणून डोंबिवलीच्या घरून डबी घेऊन दादरपर्यंत लोकलने यायचं नाही. लॅबमध्येच वेगळी खोली असते, तिथे द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मापदंडाप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा आहे. रिपोर्ट त्याखाली आला तरी लगेच घाबरू नका. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, मधे जोराचा ताप येऊन गेला असेल तरी आकडा पडतो. तपासणी पुन्हा करायची. आणि ते जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असतील तर आजच सांगायला लाव, कारण त्याने शुक्राणू बनणंच बंद पडू शकतं.

तुझ्या रक्तातलं एएमएच हे हार्मोन १.१ आलं म्हणून तू रात्रभर रडलीस, असं तुझी आई म्हणाली. तो आकडा अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देतो, आयव्हीएफची इंजेक्शनं दिली तर साधारण किती अंडी मिळतील ते सांगतो. घरच्या घरी दिवस राहतील की नाही, ते तो सांगत नाही. फार तर एवढंच घे त्यातून, की वर्षानुवर्षं चालढकल करायची नाही.

राहिली तुझी ट्यूब टेस्ट, एचएसजी, म्हणजे गर्भनळ्या उघड्या आहेत का ते बघणारा एक्स-रे. पाळी थांबल्यावर, अंडं फुटायच्या आधी करतात. पाळीत दुखतं तसं दुखतं, कुणाला जास्त. आधी वेदनाशामक गोळी घ्यायची का, ते विचारून ठेव. आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे गर्भाशयाचा टीबी बऱ्याचदा निघतो, आणि खोकला-ताप काही नसतानाही तो असू शकतो. नळीत पाणी साचलेलं असेल तर आयव्हीएफच्या आधी त्या नळीचा बंदोबस्त करावा लागतो, नाहीतर ते पाणी गर्भाशयात उतरून गर्भ रुजू देत नाही. ट्यूब टेस्ट टाळून थेट पॅकेज घेणाऱ्यांना हे नंतर कळतं, पैसे गेल्यावर.

आता उपचार. अंडं वेळेवर फुटत नसेल, पीसीओएस हा हार्मोन्सचा बिघाड असेल, तर अंडं फुटायला मदत करणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्या आणि सोनोग्राफीने अंड्याची वाढ बघणं, एवढ्यानेही अनेकींना दिवस राहतात. त्यापुढे आययूआय, म्हणजे शुक्राणू बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडणं. त्याला निदान एक नळी उघडी हवी आणि शुक्राणू बऱ्यापैकी हवेत. तीन-चार वेळा करून जमलं नाही तर तेच ओढत बसू नये. दोन्ही नळ्या बंद असतील, शुक्राणू फारच कमी असतील किंवा वय पुढे गेलं असेल तर मात्र आधीच्या पायऱ्यांवर वेळ घालवू नका, सरळ आयव्हीएफ. मी आयव्हीएफच्या विरोधात नाही गं. ६ ऑगस्ट १९८६ला परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमने टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आणली, ती महापालिकेच्या हॉस्पिटलात! माझा राग आहे तो कारण न शोधता विकण्यावर.

आयव्हीएफमध्ये आठ-बारा दिवस रोज इंजेक्शनं, मग भूल देऊन अंडी काढणं, तीन किंवा पाच दिवसांनी गर्भ आत सोडणं. इंजेक्शनांनंतर पोट टम्म फुगलं, दम लागला, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. गर्भ सोडल्यावर पाय वर करून पडून राहायची गरज नसते, त्याचा फायदा दिसलेला नाही. ऑफिसला जा. फक्त लोकलची गर्दी टाळ.

सेंटरवाले "७० टक्के यश" म्हणतील. तेव्हा विचार: कशाचे टक्के? टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्यांचे, की मूल घरी घेऊन गेलेल्यांचे? माझ्या वयाच्या बायकांचे किती? इंजेक्शनं सुरू केलेल्या सगळ्या धरल्यात, की फक्त ज्यांच्यात गर्भ सोडला त्या? या प्रश्नांनी चिडणाऱ्या डॉक्टरांकडे मी माझ्या भाचीला पाठवणार नाही. औषधं पॅकेजमध्ये आहेत का, गर्भ गोठवून ठेवायचं भाडं वेगळं का, हेही लिहून घे. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स), इंट्रालिपिड (शिरेतून दिलेलं स्निग्ध द्रावण), गर्भाशयाला 'स्क्रॅच' (आतलं अस्तर खरवडणं) अशा जोडण्या सुचवल्या तर म्हण, पुरावा दाखवा. बहुतेकींना त्याचा उपयोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. वंध्यत्व उपचारांच्या २०२१च्या एआरटी कायद्याने सेंटरची नोंदणी सक्तीची आहे, प्रमाणपत्र मागायला लाजू नकोस. आणि "मुलगाच" अशी कुजबूज कुणी केली तर तिथून उठ, तो गुन्हा आहे.

सासूबाईंना किती सांगायचं, ते तुम्ही दोघांनी ठरवा. आयव्हीएफ चालू आहे हे चाळभर कळायची काही गरज नाही.

फॉलिक ॲसिडची गोळी आजपासून सुरू कर, ४०० मायक्रोग्रॅम, रोज एक. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लाव, मूळ प्रती कुणाकडे सोडू नकोस. पाळी आली की पहिल्याच दिवशी मला फोन कर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची सोनोग्राफी आणि रक्त कुठे करायचं ते बघू. जावईबापूंना त्या सकाळी रजा टाकायला सांग. मी परळ स्टेशनवर भेटते, नाश्ता करून या, केसपेपरची रांग मोठी असते.

तुझी,
मावशी