पित्तनलिकेच्या कॅन्सरवर लेझरची फोटोडायनॅमिक थेरपी कशी देतात?

पॉर्फिमर सोडियम हे प्रकाशाने चेतणारं औषध शिरेतून देतात, वजनाच्या दर किलोला 2 मिग्रॅ. साधारण 48 तासांनी एंडोस्कोपमधून पित्तनलिकेत बारीक फायबर सरकवून 630 नॅनोमीटरचा लाल लेझर सोडतात. प्रकाशाने औषध चेततं, ऑक्सिजनचं घातक रूप तयार होतं आणि पेशी मरतात. पण प्रकाश जेमतेम 4-6 मिमी आत जातो, जाड गाठ त्याने संपत नाही. म्हणून हा इलाज शस्त्रक्रिया शक्य नसलेल्यांसाठी. नंतर स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) हवाच. नाहीतर सुजेने पित्त तुंबून जंतुसंसर्ग होतो.

औषध त्वचेतही राहतं, म्हणून पुढचे 4-6 आठवडे ऊन कटाक्षाने टाळा, खिडकीतलंसुद्धा. सनस्क्रीन इथे कामाचं नाही, औषध दृश्य प्रकाशानेच चेततं. मात्र घरात पूर्ण अंधारही करू नका. साध्या दिव्याच्या उजेडात त्वचेतलं औषध हळूहळू निकामी होतं.