देवाशी विश्वासू कसं राहावं आणि आज्ञाभंगाचे परिणाम कसे टाळावेत?

तुम्ही लिहिलंय की आपल्या हातून आज्ञा मोडली जाईल आणि देव शिक्षा करील, या भीतीने झोप लागत नाही. ही भीती मी भोगलेली आहे, म्हणून लिहितो.

आमच्या प्रार्थना मंडळाचा हिशेब माझ्याकडे असायचा. दानाचं पाकीट घरी कपाटात, बायबलच्याच खाली. वर पेन्सिलीने रक्कम लिहिलेली. एकदा अडचण आली आणि त्यातले पैसे काढले, महिनाअखेरीस परत ठेवू म्हणून. ठेवले नाहीत. पाकिटावरचा आकडा तसाच राहिला. पुढचे चार महिने मी आयुष्यात कधी केली नव्हती इतकी प्रार्थना केली, उपास धरले. पैसे परत ठेवणं सोडून सगळं केलं.

त्याच दिवसांत बायबलमधल्या 1 शमुवेल या पुस्तकाचा 15वा अध्याय वाचनात आला. अमालेकी या शत्रू लोकांचं काहीही राखायचं नाही, अशी इस्राएलच्या शौल राजाला देवाची आज्ञा होती. त्याने अगाग राजाला जिवंत ठेवलं, चांगली चांगली मेंढरं-गुरं राखली, आणि संदेष्टा शमुवेल भेटताच सांगितलं की मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेलाने विचारलं, मग माझ्या कानांवर हे मेंढरांचं ओरडणं कसलं येतंय? शौल म्हणाला, ती लोकांनी यज्ञासाठी ठेवलीत. तिथे मी वाचायचा थांबलो. माझे उपास म्हणजे तीच मेंढरं होती.

शौलही शेवटी "मी पाप केलं" म्हणतो बरं का. पण लगेच विनवतो की वडीलजनांसमोर माझा मान राख. शौलानंतरच्या दाविद राजाचं पाप माझ्या मते याहून भयंकर. बथशेबेला घेतलं आणि तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत मरायला पाठवलं. नाथान संदेष्ट्याने "तो मनुष्य तूच" म्हटल्यावर मात्र दाविदाने एकही सबब पुढे केली नाही. क्षमा तिथल्या तिथे मिळाली. तरी मूल गेलंच, आणि पुढे त्याच्या घरात रक्तपात झालाच. म्हणजे क्षमा झाली की परिणाम पुसले जातात, असं नाही. तुमच्यासारख्या घाबरलेल्या माणसाला हे सांगताना जड जातं, पण खोटा दिलासा देणार नाही.

मी मंडळापुढे उभा राहून सांगितलं. पैसे भरले. हिशेब माझ्याकडून काढून घेतला गेला आणि तो परत कधी मिळाला नाही. ते योग्यच झालं. त्या रात्री झोप लागली.

आणखी एक. तुम्ही आईच्या आजारपणाचा संबंध स्वतःच्या एखाद्या चुकीशी लावताय, तो कृपा करून लावू नका. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? दोघांचंही नाही, असं त्याने सांगितलं (योहान 9). नीतिमान ईयोबावर संकटं आली तेव्हा ती त्याच्याच पापामुळे, असं म्हणून त्याच्या मित्रांनीही हीच चूक केली आणि देवाचा राग ओढवून घेतला.

रोजच्या जगण्यात काय करावं, याचं मला सापडलेलं उत्तर बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात आहे. राजाने पुष्कळ बायका करू नयेत, सोनंरुपं साठवू नये, आणि नियमशास्त्राची प्रत काढून ती जन्मभर रोज वाचावी. दाविदाचा मुलगा शलमोन राजा इतका शहाणा, पण त्याच्या 700 राण्या आणि 300 उपपत्नी झाल्या, आणि म्हातारपणी मन दुसऱ्या दैवतांकडे वळलं. एका दिवसात वळलं नसणार.

मी सकाळी वहीत थोडा उतारा हाताने उतरवून काढतो. डोळे भरभर पुढे जातात, हात जात नाही. एखादी ओळ गाळावीशी वाटली की तिथेच थांबतो. मागच्या आठवड्यात मत्तय 5:24 आलं, आधी भावाशी समेट कर आणि मग येऊन अर्पण वाहा. वही तशीच उघडी ठेवून भावाला फोन लावला. दोन वर्षांनी.